पार्श्वभूमी : विषाणूंकडून दुरुस्तीचे काम

मे 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक औषध जेलच्या रूपात येते. आठवड्यातून एकदा ते उघड्या जखमेवर साधारण एकेक सेंटिमीटर अंतर राखून थेंबाथेंबाने सोडायचे असते. जरासे घासले तरी त्वचेला फोड येऊन ती सोलवटून निघावी असा एक आनुवंशिक विकार आहे, त्यातील एका प्रकारासाठी हे औषध आहे. आणि त्या जेलमध्ये असतो तो ओठांच्या कडेला फोड आणणारा हर्पीसचा विषाणू. त्याची स्वतःची वाढ होऊ नये अशी व्यवस्था करून त्याच्यात ‘कोलॅजेन 7’ या प्रथिनाचे जनुक भरलेले असते. फोड आणणाऱ्यालाच फोड भरून काढण्याच्या कामाला लावण्यामागे चमत्कृतीची हौस नव्हती, जागेची अडचण होती. हे जनुक डीएनएच्या सुमारे नऊ हजार अक्षरांचे आहे, जनुक-उपचारांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या विषाणूत जेमतेम पावणेपाच हजार अक्षरे मावतात, तर हर्पीसचा मूळ जनुकसंच दीड लाख अक्षरांचा असल्याने त्यात भरपूर जागा करता येते. शिवाय तो पेशीच्या गुणसूत्रांत घुसून बसत नाही आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चुकवण्यात तरबेज असल्याने पुन्हा पुन्हा देता येतो. कोणत्या विषाणूची कोणती सवय कामी येते आणि कोणती अंगाशी येते, हे कळेपर्यंत जी साठ-सत्तर वर्षे गेली, त्यांचा हा मागोवा आहे.

एका जिवाणूतील जनुके दुसऱ्या जिवाणूत विषाणूमार्फत पोहोचतात हे 1952 मध्ये दाखवले गेले, आणि मग माणसाच्या पेशीतही असेच का करता येऊ नये हा प्रश्न ओघानेच आला. पहिला प्रयत्न आज वाचताना अंगावर काटा येतो. सशांना चामखिळी आणणाऱ्या एका विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतील लोकांच्या रक्तात आर्जिनीन हे अमिनो आम्ल कमी आढळले, यावरून त्या विषाणूत आर्जिनीनचे विघटन करणाऱ्या विकराचे जनुक असावे असा तर्क बांधण्यात आला; आणि त्या विकराच्या अभावी आजारी असलेल्या जर्मनीतील सख्ख्या बहिणींना 1970 च्या सुमारास तो विषाणू टोचण्यात आला. उपयोग झाला नाही. त्या विषाणूत असे जनुक मुळी नव्हतेच, हे त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेल्यावर कळले.

येथे एका शब्दाबद्दल सांगणे भाग आहे. मराठीत ‘वाहक’ हा शब्द हिवताप पसरवणाऱ्या डासालाही लावला जातो, स्वतः निरोगी राहून सदोष जनुक पुढच्या पिढीकडे देणाऱ्या व्यक्तीलाही लावला जातो, आणि औषधी जनुक पेशीपर्यंत नेणाऱ्या विषाणूलाही. पहिल्या दोन अर्थांत वाहक अपाय नेतो, तिसऱ्यात उपाय. त्यामुळे ‘आई वाहक होती आणि मुलाला वाहकातून जनुक दिले’ अशी वाक्ये छापून येतात आणि वाचणारा गोंधळतो. या टिपणात विषाणूसाठी ‘वाहन’ हा शब्द वापरला आहे. तोही निर्दोष नाही, कारण वाहन माल उतरवून परत जाते. येथे काही वाहने मालासकट कायमची घरात शिरतात.

सप्टेंबर 1990 मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीच्या रक्तातील पेशी बाहेर काढून, रेट्रोव्हायरस या गुणसूत्रात शिरून बसणाऱ्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नसलेल्या विकराचे जनुक घालून, त्या परत चढवण्यात आल्या. अधिकृत परवानगीने, उपचाराच्या हेतूने झालेला हा पहिला जनुक-उपचार मानला जातो. मुलगी सुधारली, पण त्याच काळात तिला ते विकर औषध म्हणूनही दिले जात होते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय नेमके कशाचे हे सांगणे अवघड होते. तरीही पुढच्या पाच वर्षांत चाचण्यांचे पेव फुटले, आणि 1995 मध्ये एका तज्ज्ञ समितीला लिहावे लागले की एकाही चाचणीत निःसंदिग्ध लाभ दिसलेला नाही, तेव्हा मूलभूत अभ्यासाकडे परत वळा. समितीचे म्हणणे कुणी खोडून काढले नाही, आणि मनावरही घेतले नाही.

या इतिहासात 1999 सालाला जे स्थान आहे, ते मुख्यतः एका मृत्यूमुळे. यकृतातील एका विकराच्या अभावी प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारा अमोनिया शरीराबाहेर टाकता येत नाही, असा एक आजार आहे. त्याच्या तीव्र स्वरूपात नवजात मुलगे काही दिवसांत बेशुद्ध होतात आणि त्यांतील बरेचसे दगावतात. फिलाडेल्फियातील चाचणीत सहभागी झालेल्या 18 वर्षांच्या तरुणाला मात्र हा आजार सौम्य होता: त्याच्या काही पेशींत जनुक बिघडलेले होते, काहींत शाबूत होते, आणि पथ्य व गोळ्यांवर त्याचे बरे चालले होते. 13 सप्टेंबरला यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीतून त्याला निरोगी जनुक भरलेल्या अडिनोव्हायरसचे सुमारे 38 लाख कोटी कण देण्यात आले. त्याच रात्री ताप चढला, दुसऱ्या दिवशी कावीळ दिसली, मग रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडली, फुप्फुसे निकामी होत गेली, आणि 17 तारखेला तो वारला. त्याच्या आधी 17 जणांना हेच वाहन दिले गेले होते आणि कोणाचाही जीव गेला नव्हता.

चौकशीत जे निघाले ते सर्वश्रुत आहे. प्रयोगाच्या सुमारास त्याच्या रक्तातील अमोनिया आराखड्यातील मर्यादेपेक्षा जास्त होता. आधीच्या सहभागींना झालेला त्रास नियामकांना वेळेवर कळवला गेला नव्हता. याच जातीचे जुने वाहन कितीतरी मोठ्या मात्रेत दिलेली माकडे मेल्याचा उल्लेख संमतिपत्रातून गळला होता. आणि प्रमुख संशोधकाचा या तंत्रज्ञानावर उभ्या असलेल्या कंपनीत आर्थिक हितसंबंध होता. या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे चर्चा याच चार मुद्द्यांभोवती फिरत राहिल्याने, त्या आधीचा आणि माझ्या मते अधिक दूरगामी निर्णय बाजूला पडला. तो म्हणजे हा प्रयोग कोणावर करायचा.

मूळ कल्पना मरणपंथाला लागलेल्या नवजात बालकांवर उपचार करण्याची होती. नीतिशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला गेला, आणि तो असा पडला की ज्यांचे मूल चार दिवसांचे आहे व मृत्यूच्या दारात आहे, ते आईवडील कशालाही होकार देतील. अशा होकाराला मोकळ्या मनाची संमती म्हणता येत नाही. म्हणून प्रकृती स्थिर असलेले, स्वतःचे बरेवाईट कळणारे प्रौढ घ्यावेत. तर्क वरकरणी बिनतोड आहे. सज्ञान माणसाला समजावून सांगता येते, तो विचार करू शकतो, नाही म्हणू शकतो. मात्र या निवडीने तराजूचे एक पारडे पूर्ण रिकामे झाले. बालकाकडे गमावण्यासारखे फारसे काही नव्हते आणि मिळवण्यासारखे आयुष्य होते. या तरुणाकडे गमावण्यासारखे सगळे होते आणि मिळवण्यासारखे काहीही नव्हते, कारण ही सुरक्षिततेची चाचणी होती आणि अडिनोव्हायरसने आणलेले जनुक फार तर काही आठवडे काम करते, हे सर्वांनाच ठाऊक होते. नंतर जन्मणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून तो आला होता.

या निर्णयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की आजारी अर्भकात औषधाने झालेली हानी आणि आजाराने झालेली हानी वेगळी काढता आली नसती. हे खरे आहे. दुसरी अशी की हतबल पालकांच्या संमतीचा गैरफायदा घेतल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात कमी नाहीत. हेही खरे आहे. पण हाच निकष काटेकोरपणे लावला, तर बालपणीच जीव घेणाऱ्या कोणत्याही रोगावर पहिला प्रयोग कधीच करता येणार नाही, कारण त्या रोगाचे निरोगी प्रौढ रुग्ण नसतातच. अर्धवट संमती आणि पूर्ण संमती यांची तुलना झाली. संभाव्य लाभ आणि शून्य लाभ यांची व्हायला हवी तितकी झाली नाही.

अडिनोव्हायरसचा दोष आता नीट समजतो. सर्दी-पडशातून तो बहुतेकांना लहानपणीच भेटलेला असतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला ओळखून असते. लाखो कोटींच्या संख्येने तो रक्तात उतरला की ती यंत्रणा पिसाळल्यासारखी वागते. गंमत अशी की जनुक-उपचारात जो दोष ठरला, तोच लसीत गुण ठरतो, कारण तेथे प्रतिकारयंत्रणेला जागे करायचेच असते. 2021 मध्ये जगभर दिल्या गेलेल्या कोविडच्या लसींपैकी काही याच कुळातील विषाणूंवर आधारलेल्या होत्या, अर्थात त्यांची मात्रा कैक पटींनी लहान आणि जागा दंडाच्या स्नायूतली.

रेट्रोव्हायरसची अडचण निराळी निघाली. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या अस्थिमज्जेतील पेशी याच मार्गाने दुरुस्त करण्यात आल्या आणि 2000 मध्ये त्यांच्या यशाची वार्ता आली. दोनच वर्षांत त्यांतील काहींना रक्ताचा कर्करोग झाला. विषाणू गुणसूत्रात नेमका वाढीला चालना देणाऱ्या एका जनुकाशेजारी जाऊन बसला होता. पॅरिस आणि लंडन मिळून 20 मुलांपैकी पाच जणांना हा कर्करोग झाला आणि एक दगावले. बाकीची बहुतेक मुले उघड्या जगात वावरू लागली.

त्वचेची कहाणी याच विषाणूच्या याच सवयीवर उभी आहे, आणि तिची सुरुवात विषाणूंशिवाय झाली. 1975 मध्ये माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी, वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींच्या थरावर ठेवल्या तर भराभर वाढतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो, हे दिसून आले. काही वर्षांतच भाजलेल्या रुग्णांवर असे पापुद्रे चढवले जाऊ लागले. हाताच्या नखाएवढ्या तुकड्यातून पाठभर त्वचा! 2005 मध्ये इटलीत फोडांच्या विकाराच्या एका प्रौढ रुग्णाच्या पेशी रेट्रोव्हायरसने दुरुस्त करून त्याच्या मांड्यांवर लावण्यात आल्या आणि त्या टिकल्या.

मग 2015 मध्ये जर्मनीतील भाजलेल्यांच्या कक्षात फोडांच्या याच विकाराचा सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. जंतुसंसर्गाने त्याची सुमारे साठ टक्के त्वचा गेली होती, वडिलांची त्वचा लावून पाहिली तीही टिकली नाही, आणि केवळ वेदना कमी करण्यापलीकडे काही उरले नाही असे वाटू लागले होते. जांघेतील न सोललेल्या भागातून चार चौरस सेंटिमीटर त्वचा घेण्यात आली, पेशींत निरोगी जनुक घालण्यात आले, आणि काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने एकूण 0.85 चौरस मीटर नवी त्वचा हातापायांवर, पाठीवर आणि इतरत्र बसवण्यात आली. शरीराचा ऐंशी टक्के भाग त्यात झाकला गेला. मुलगा घरी गेला, आणि पुढे शाळेतही. त्याच्यासाठी संमती दिली ती आईवडिलांनी, अगदी त्याच मनःस्थितीत जी सोळा वर्षांपूर्वीच्या फिलाडेल्फियातील प्रयोगासाठी अग्राह्य ठरली होती.

या त्वचेने एक जुना वादही मिटवला. बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात नवी होते. हे काम सर्व पेशी थोडेथोडे करतात की ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात अशा मोजक्या मूलपेशी सगळा भार वाहतात, यावर दुमत होते. रेट्रोव्हायरस प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी शिरतो, त्यामुळे प्रत्येक पेशीच्या वंशजांवर जणू वेगळा शिक्का उमटलेला असतो. लावलेल्या त्वचेचे तुकडे पुढच्या महिन्यांत तपासले तेव्हा असंख्य शिक्क्यांपैकी थोडेच उरले होते, आणि ते दीर्घायुषी मूलपेशींचे होते. कर्करोगाला कारण ठरलेली सवय येथे ओळखपत्र झाली. त्वचेला आणखी एक सोय आहे: पेशी बाहेर असताना तपासता येतात आणि बसवल्यानंतर काही बिघडलेच तर तो भाग दिसतो व कापून काढता येतो. यकृताच्या बाबतीत यांतले काहीच शक्य नाही.

प्रौढ पेशीला मागे नेऊन पुन्हा मूलपेशीसारखी करण्याचे तंत्रही विषाणूंच्याच खांद्यावर आले. 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके रेट्रोव्हायरसने घालून ते साधले गेले. त्या चारांतील एक जनुक कर्करोगाशी संबंधित, आणि वाहनही गुणसूत्रात घुसणारे. म्हणून पुढे पेशीच्या केंद्रकात शिरतच नाही असा सेंडाय विषाणू किंवा विषाणूविरहित पद्धती पुढे आल्या. 2014 मध्ये जपानमध्ये अशा पेशींपासून केलेला दृष्टिपटलाचा थर प्रथमच एका वृद्धेच्या डोळ्यात बसवण्यात आला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्या वापरल्या गेल्या नाहीत.

1999 नंतर संशोधनाचा ओघ वळला तो 1965 मध्ये अडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडलेल्या एका इवल्याशा विषाणूकडे. त्याने माणसाला कोणताही रोग होत असल्याचे दिसलेले नव्हते. याच एएव्ही (अडिनो-असोसिएटेड व्हायरस) वाहनातून आलेले युरोपातील पहिले औषध 2012 मध्ये मान्य झाले आणि ग्राहकच न मिळाल्याने पाच वर्षांनी बाजारातून गेले. डिसेंबर 2017 मध्ये दृष्टिपटलाच्या एका विकारावर, आणि मे 2019 मध्ये अर्भकांचे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजारावर अमेरिकेत औषधे आली. दुसऱ्याची किंमत 21 लाख डॉलर होती. निरुपद्रवी म्हणून निवडलेल्या या वाहनाचीही मात्रा वाढत गेली, आणि 2020 मध्ये स्नायूंच्याच एका दुर्मीळ आजाराच्या चाचणीत मोठ्या मात्रेनंतर तीन मुलगे यकृत बिघडून दगावले.

अर्भकांच्या त्या औषधाची पहिली मानवी चाचणी प्रौढांवर झाली नाही. ती थेट 15 बाळांवर झाली, आणि वीस महिन्यांच्या वयाला ती सर्व जिवंत होती, जेथे उपचाराविना अगदी थोडीच बाळे श्वासयंत्राशिवाय तो पल्ला गाठतात. मोठी मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 11 जण आधाराशिवाय बसू लागले आणि दोन जण चालले. सावधगिरी म्हणून पहिल्या तिघांना मात्र कमी मात्रा देण्यात आली होती. हे वाहन एकदा रक्तातून गेले की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तेच औषध दुसऱ्यांदा देता येत नाही, त्यामुळे योग्य मात्रा कोणती हे कळल्यावरही ती त्या तिघांसाठी उपलब्ध राहिली नाही.