किंग्ज इंडियन बचाव आणि इंजिनचा आकडा : पार्श्वभूमी

किंग्ज इंडियन बचाव ही बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी डाव सुरू करण्याची एक पद्धत. इंजिन, म्हणजे चालींचे मूल्यांकन करणारी संगणक-प्रणाली, त्यात पांढऱ्याच्या आघाडीचा आकडा दाखवते, म्हणून मुलांच्या तयारीतून हा बचाव काढावा असे म्हटले जाते; त्याची ही पार्श्वभूमी. या बचावाचे मूळ देशी खेळपद्धतीत आहे. जुन्या भारतीय पटावर प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे. त्यामुळे पटाचा मध्य प्रतिस्पर्ध्याला देऊन उंट लांब कर्णावर बसवण्याची रीत येथे रुळली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यातील एका बंगाली खेळाडूने ती युरोपीय नियमांच्या डावांत आणली. पुढे सोव्हिएत खेळाडूंनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन जगज्जेत्याने हा बचाव सोडला, पण तो इंजिनमुळे नव्हे. नवव्या चालीला प्यादे बी४ या घरात सरकवून पांढऱ्याने वजिराच्या बाजूने केलेली चढाई त्याला नडली होती. आज या बचावाच्या पीछेहाटीचे सारे श्रेय संगणकाला दिले जात असल्याने हे सांगणे आवश्यक वाटते.

२०१४ साली पुण्यात जागतिक कनिष्ठ गटाची स्पर्धा झाली, त्या सुमाराची इंजिने चाली मोजण्यात माणसाच्या कितीतरी पुढे होती. परंतु मध्य बंद झाल्यावर एफ५, एफ४, जी५ अशी प्यादी सरकवत काळा अनेक चालींनंतर राजावर जो हल्ला नेतो, त्याचा धोका त्यांना उशिरा दिसे, म्हणून त्यांचा कौल अनेकांना अंतिम वाटत नसे. डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रणालीचे निकाल जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनच्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून स्थिती जोखणारी रचना, आले. ही इंजिने पटावरील जागेला मोठी किंमत देतात, आणि या बचावात जागा पांढऱ्याकडेच असते.

वाद आहे तो इंजिनच्या आकड्याचा. पूर्वी पांढऱ्याच्या बाजूने अधिक एक (+१) म्हणजे ढोबळमानाने एका प्याद्याची आघाडी मानली जाई. डिसेंबर २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशने मोजपट्टीच बदलली : अधिक एक म्हणजे इंजिन स्वतःशी खेळत असता जिंकण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे तीच स्थिती पूर्वीपेक्षा लहान आकड्याने दिसू लागली. पुण्यातील एखाद्या प्रशिक्षणवर्गात जुन्या फाइलींत नोंदवलेले इंजिनचे आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवून काळ्याचा बचाव सुधारला किंवा बिघडला असे ठरवले, तर तो निष्कर्ष पायापासून चुकीचा ठरतो. शिवाय ही शक्यता इंजिनच्या अचूकतेने खेळणाऱ्या पांढऱ्याची आहे. शालेय स्पर्धेतील, घड्याळाच्या दडपणाखालील पांढऱ्याची नव्हे. केवळ या आकड्यावरून मुलांच्या तयारीतून हा बचाव काढून टाकणे मला घाईचे वाटते. २००० सालच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत गाजलेला बर्लिन बचाव हा इंजिनचा कौल बदलतो याचा योग्य दाखला आहे : दोन्ही वजीर गेलेल्या आणि काळ्याने किल्लेकोटाचा हक्क गमावलेल्या त्या स्थितीत तेव्हाची इंजिने पांढऱ्याला वरचढ मानत, तर आजची इंजिने काळ्याचा बचाव भक्कम मानतात.

म्हणून अभ्यासात एकाच चालीचे मूल्यांकन न पाहता इंजिनने सुचवलेले पांढऱ्याचे पहिले तीन पर्याय एकत्र लावावेत, आणि जिंकणे, बरोबरी व हरणे यांचे प्रमाण दाखवणारी सोय चालू ठेवावी. पांढऱ्याची आघाडी एकाच अवघड चालीवर टिकून असेल, तर काळ्याने ती लाइन (चालींचा तो क्रम) खेळण्यास हरकत नाही. तिन्ही पर्यायांत ती टिकत असेल, तर लाइन बदलावी, आणि त्यासाठी सबंध बचाव सोडण्याचे कारण नाही.