हृत्स्नायूची अतिवृद्धी आणि हृद्रोहिण्यांतील रक्तप्रवाह

हृदयाच्या, विशेषतः डाव्या जवनिकेच्या (शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याच्या), भिंतीतील स्नायू जाड झाला की त्याला रक्त पुरवणाऱ्या हृद्रोहिण्यांची, म्हणजेच करोनरी धमन्यांची, राखीव क्षमता, म्हणजे गरजेनुसार प्रवाह विश्रांतीच्या पातळीहून वाढवण्याची ताकद, घटते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची) अरुंद झालेली झडप आणि आनुवंशिक हृत्स्नायुविकार ही या जाडीची, म्हणजेच अतिवृद्धीची, प्रमुख कारणे होत.

हृत्स्नायू विश्रांतीच्या अवस्थेतही रक्तातील सुमारे ७० ते ८० टक्के ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे श्रमाच्या वेळची वाढीव गरज मुख्यतः प्रवाह वाढवूनच भागवावी लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर असलेला हा प्रवाह चार-पाच पटींपर्यंत वाढू शकतो. अतिवृद्धीत स्नायूचे वस्तुमान वाढल्याने विश्रांतीतील एकूण प्रवाह आधीच वाढलेला असतो, परंतु कमाल प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही. पेशी रुंदावतात, केशवाहिन्या मात्र त्या मानाने वाढत नाहीत. साहजिकच केशवाहिनीपासून पेशीच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजनला अधिक अंतर कापावे लागते. शिवाय सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक साचते.

सर्वाधिक झळ पोहोचते ती भिंतीच्या आतल्या थराला. आकुंचनाच्या वेळी या थरातील वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून डाव्या जवनिकेला बहुतांश रक्त प्रसरणकाळातच, म्हणजे दोन आकुंचनांमधील शिथिलतेच्या काळातच, मिळते. जाड, ताठर भिंत सावकाश शिथिल होते, जवनिकेतील प्रसरणकालीन दाब चढाच राहतो, आणि महारोहिणीतील दाब व हा दाब यांच्यातील जो फरक रक्ताला पुढे ढकलतो, तोच कमी होतो. नाडी जलद झाल्यास प्रसरणकाळ आखडतो आणि तूट आणखी वाढते.

हृदयरोग-संशोधक मेल्विन मार्कस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे विशेष महत्त्वाचे आहे. महारोहिणीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हृद्रोहिणी काही सेकंद दाबून धरून सोडली असता उसळणारा प्रवाह त्यांनी डॉप्लर तंत्राने (ध्वनिलहरींच्या साहाय्याने) मोजला. हृद्रोहिण्या मोकळ्या असूनही जाड झालेल्या डाव्या जवनिकेकडील प्रवाहाची राखीव क्षमता फार घटलेली आढळली. अँजिओग्राफी स्वच्छ असूनही श्रमाने छातीत दुखण्याची तक्रार करणाऱ्या अशा रुग्णाचे दुखणे खरे असते, ते मनाचे खेळ समजून बाजूला सारणे चुकीचे ठरते.

उच्च रक्तदाबावर उपचार आवश्यकच असतात, तथापि जाड स्नायूचा प्रवाह टिकण्यासाठी तुलनेने अधिक दाब लागत असल्याने, विशेषतः हृद्रोहिणीत अडथळाही असेल तर, प्रसरणकालीन रक्तदाब (रक्तदाबाचा खालचा आकडा) एकदम फार खाली आणणे धोक्याचे ठरू शकते. नाडी मंद करणारी बीटा-रोधक औषधे प्रसरणकाळ लांबवून आतल्या थराला साहाय्य करतात. खेळाडूंमध्ये सरावाने होणारी वाढ याहून वेगळी असते. तीत राखीव क्षमता सहसा शाबूत राहते. अरुंद झडप बदलल्यावर जवनिकेवरील भार तात्काळ उतरतो, स्नायूची जाडी मात्र पुढील काही महिन्यांत हळूहळू ओसरते आणि प्रवाहाची क्षमता अनेकदा अंशतःच परत येते.