टीका कुठे संपते, टवाळी कुठे सुरू होते : पुढाऱ्यांच्या मुलांविषयी

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे काही महिन्यांपूर्वी वाढदिवसाचा एक भला मोठा डिजिटल फलक लागला होता. मधोमध नववी-दहावीतला एक मुलगा, डोळ्यांवर गॉगल, अंगात मापाहून मोठे जाकीट, नावाच्या वर ‘युवा नेते’ ही पदवी आणि खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांच्या दोन रांगा. मुलाचे वडील स्थानिक राजकारणातले वजनदार गृहस्थ. संध्याकाळपर्यंत फलकाचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. एकाने विचारले, “सिग्नल झाकला गेलाय, याला परवाना आहे का?” दुसऱ्याने मुलाच्या दातांवर आणि जाडीवर एक वाक्य लिहिले, आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आपण त्या पुढाऱ्यावर टीका करत आहोत असेच दोघांनाही वाटत होते. माझ्या मते ती त्यांतला एकच करत होता.

मराठीत ‘टीका’ हा शब्द मुळात ग्रंथावरच्या भाष्यासाठी वापरला जात असे, आणि तो अर्थ इथे उपयोगी पडतो. भाष्य करायचे तर समोर मूळ संहिता लागते. राजकारणात ती संहिता म्हणजे माणसाची कृती : त्याने घेतलेला निर्णय, केलेला खर्च, दिलेले आश्वासन, वापरलेले किंवा गैरवापरलेले पद. टवाळीला असे काही लागत नाही. तिला चेहरा, वजन, अडखळती जीभ किंवा दहावीचा निकाल पुरतो. सत्तेवर बसलेल्या प्रौढ माणसाची टवाळी करण्याचा हक्क लोकांना असलाच पाहिजे असे मी मानतो, कारण त्याच्या हातात सत्ता आहे आणि उत्तर द्यायला व्यासपीठही आहे. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाजवळ यांतले काहीच नसते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात जाऊन त्यालाच बसायचे असते.

या दोन गोष्टींची गल्लत का होते हे समजून घ्यायचे तर ऑक्टोबर २०२२ मधील शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्याचे उदाहरण घ्यावे लागेल. उद्धव ठाकरे यांनी एकनाथ शिंदे यांच्या घराण्यातील सत्तेवर बोलताना वडील आणि खासदार मुलगा श्रीकांत शिंदे यांच्यासोबत तान्ह्या नातवाचाही उल्लेख नगरसेवकपदाशी जोडून केला, आणि त्यावर श्रीकांत यांनी खुले पत्र लिहून नाराजी व्यक्त केली. घराणेशाहीचा मुद्दा पूर्णपणे वैध होता, आणि तो वडील व मुलगा यांच्यावरच पुरेसा उभा राहत होता. नातू वगळला असता तरी युक्तिवादाचे वजन तसूभरही कमी झाले नसते. माझी कसोटी हीच आहे. वाक्यातून मुलाचे नाव आणि चेहरा काढून टाकावा. वाक्य तरीही उभे राहिले तर ती टीका होती आणि मूल त्यात विनाकारण ओढले गेले होते, आणि वाक्य कोसळले तर तिथे टवाळीखेरीज काही नव्हते.

मात्र पुढाऱ्यांनीही याचा आडोसा करू नये, आणि हे मी तितक्याच आग्रहाने म्हणतो. निवडणुकीचा उमेदवार प्रतिज्ञापत्रात स्वतःबरोबर पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ताही जाहीर करतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या उत्पन्नाचे स्रोतही उघड करण्यास सांगितले. म्हणजे अल्पवयीन मुलाच्या नावावर शहरालगत जमीन कशी आली, हा प्रश्न मतदाराने विचारणे कायद्यालाच अपेक्षित आहे. “मुलांना मध्ये आणू नका” हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण मुलाला मध्ये प्रश्नकर्त्याने आणलेले नसून सातबाऱ्यावर नाव चढवणाऱ्याने आणलेले असते. फलकाचेही तेच. मुलाला चौकात उभे केले ते बापाने आणि कार्यकर्त्यांनी. जाब त्यांना विचारावा. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारात मुलांचा कोणत्याही स्वरूपात वापर करू नये असे पक्षांना बजावले होते. वाढदिवसाच्या फलकाला तो नियम थेट लागू होत नाही, पण त्यामागची काळजी हीच आहे.

मूल मोठे होऊन स्वतः राजकारणात उतरले की चित्र बदलते. प्रणिती शिंदे २००९ पासून तीन वेळा सोलापूर शहर मध्यमधून विधानसभेवर गेल्या आणि २०२४ मध्ये खासदार झाल्या. सुशीलकुमार शिंदे यांची कन्या म्हणून त्यांना संधी लवकर मिळाली का, हा प्रश्न रास्त आहे. उजनीचे पाणी शहराला अजून काही दिवसांआड का मिळते, याचा जाबही इतर लोकप्रतिनिधींप्रमाणे त्यांना विचारता येतो. सांगोल्यात अकरा वेळा आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांचे नातू बाबासाहेब देशमुख २०२४ मध्ये निवडून आले, तेव्हा आजोबांच्या कामाशी त्यांच्या कामाची तुलना होणे स्वाभाविकच आहे. इथे संहिता आहे, म्हणून टीका आहे. मात्र रूप, लग्न, कपडे हे विषय प्रौढपणीही टीकेत बसत नाहीत; आदर्श आचारसंहितेनेही टीका धोरण, कार्यक्रम आणि कामगिरीपुरती ठेवावी आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यापासून दूर राहावे, असे सांगितलेच आहे. राजकारणात न उतरलेला प्रौढ मुलगा बापाच्या पदाचा धाक दाखवून ठेका मिळवत असेल किंवा पोलीस चौकीतून सुटत असेल, तर ती त्याची स्वतःची कृती आहे आणि तिच्यावर खुशाल बोलावे.

माझ्या शेजारचा मुलगा त्या फलकावरच्या मुलाच्याच वर्गात आहे. त्याने सांगितले की आठवडाभर वर्गात त्याला ‘युवा नेते’ म्हणूनच हाक मारली जात होती, आणि दातांवरचे ते वाक्य फळ्यावरही लिहिले गेले. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन जिन्याखाली बसू लागला. ग्रुपवर परवान्याबद्दल विचारणाऱ्या गृहस्थांनी महापालिकेकडे लेखी तक्रार केली आणि चौथ्या दिवशी फलक उतरला. दातांवरचे वाक्य लिहिणाऱ्याला मी फोन केला, मुलाचा डबा आणि जिना त्याच्या कानावर घातला. त्याने संदेश काढून टाकला, पण तोवर तो इतर ग्रुपवर पोहोचला होता.