रूट कॅनाल उपचार

किडीमुळे, मार लागल्यामुळे किंवा तडा गेल्यामुळे दाताच्या आतल्या मऊ गराला जंतुसंसर्ग झाला, की तो गर काढून मुळांतील नलिका स्वच्छ करून कायमच्या बंद करण्याची दंतवैद्यकातील पद्धत. दात उपटण्याऐवजी जागेवर राखणे हा तिचा हेतू. या उपचाराविषयी रुग्ण जे प्रश्न विचारतात, त्यांतले बहुतेक एकाच समजातून निघतात : दुखणे म्हणजे आजार आणि दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे. दाताच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही.

दुखणे का होते, का थांबते

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिन हा जरा मऊ थर आणि मधोमध पल्प, म्हणजे वर सांगितलेला मऊ गर. पल्पमध्ये रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. रुग्ण ज्याला ‘नस’ म्हणतात ती हीच. कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत काहीच जाणवत नाही. डेंटिनपर्यंत पोचली की थंड-गोड लागताच कळ येते आणि लगेच जाते. या टप्प्यावर साधे फिलिंग पुरते. थंड पाण्यानंतर ठणका मिनिटभराहून जास्त रेंगाळू लागला, किंवा काही न खाता रात्री आपोआप उठू लागला, तर पल्प सहसा सावरण्यापलीकडे गेलेला असतो. सुजायला जागा नसलेल्या कठीण भिंतींत तो कोंडलेला असतो आणि आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो. म्हणून दाढ दिवसा गप्प आणि रात्री जागी.

मग एके दिवशी ठणका बंद होतो. गोळी लागू पडली, लवंगेने काम केले, असे घरात ठरते. प्रत्यक्षात पल्प मेलेला असतो. जंतू मात्र आतच असतात आणि मुळाच्या टोकातून हळूहळू हाडात उतरतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, चावताना दात दुखतो, हिरडीवर पुळी येते किंवा गालफड सुजते. उपचार लांबण्याचे एक मोठे कारण हे मधले शांत दिवस आहेत. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरून गिळणे-श्वास घेणे अवघड झाले, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे लागते.

मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेले अँटिबायोटिक या ठणक्यावर चालत नाही. औषध रक्तातून पोचते आणि मेलेल्या पल्पला रक्तपुरवठाच नसतो. पल्प जिवंत पण सुजलेला असतानाही त्याने वेदना कमी होत नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, तेव्हा डॉक्टर ते देतात, तेही मूळ उपचाराला जोड म्हणून. लवंगेतील युजेनॉल खरोखर बधिरता आणते. दंतवैद्यांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा उपाय मात्र घातक आहे. तिने हिरडी भाजते.

प्रत्यक्ष उपचार

आधी भूल. दंतवैद्यकात आज सर्रास वापरले जाणारे लिडोकेन स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी 1943 मध्ये तयार केले आणि 1948 पासून ते बाजारात आले. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. काही मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ जड, सुजल्यासारखा वाटतो. आरशात पाहिले तर तो नेहमीसारखाच असतो. ‘भूल दिली तरी दुखले’ ही तक्रार खोटी नसते : फार सुजलेल्या पल्पवर भूल कमी चढते आणि जादा इंजेक्शन द्यावे लागते. ठणका सुरू होताच येणाऱ्याला हा त्रास कमी होतो.

भूल चढल्यावर दातावर रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा बसवतात. त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि बारीक अवजार घशात पडत नाही. दाताच्या वरच्या बाजूने छिद्र पाडून नलिकांची तोंडे शोधतात. पुढच्या दाताला बहुधा एक नलिका असते, खालच्या दाढेला दोन मुळांत साधारण तीन, वरच्या दाढेला तीन मुळे आणि अनेकदा लपून बसलेली चौथी नलिका. ती राहून गेली की उपचार फसतो.

नलिका घासायच्या फाइल सुईसारख्या दिसतात. पंचवीस नंबरच्या फाइलचे टोक 0.25 मिमी जाड असते. तिच्या दांड्यावर रबराची इवलीशी चकती असते. नलिकेची लांबी एक्स-रेवर किंवा एपेक्स लोकेटर या यंत्राने मोजून चकती तिथे सरकवतात, म्हणजे फाइल मुळाच्या टोकापलीकडे जात नाही. सगळा खेळ साधारण वीस मिलिमीटरांचा. फाइलबरोबर सोडियम हायपोक्लोराइटने नलिका पुन:पुन्हा धुतात; खुर्चीत पोहण्याच्या तलावासारखा जो वास येतो तो याचाच. फाइल जिथे पोचत नाही तिथले जंतू हेच द्रावण मारते, म्हणून या धुण्यात घाई करू नये.

शेवटी कागदाच्या बारीक काड्यांनी नलिका कोरड्या करून त्यांत गटापर्चा भरतात. हा आग्नेय आशियातील झाडांच्या चिकापासून मिळणारा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना याचेच वेष्टन असे आणि त्याच शतकात तो दंतवैद्यांच्या हाती आला.

किती सिटिंग लागतील, याचे उत्तर एक्स-रे पाहिल्याशिवाय देता येत नाही. जिवंत पल्प असेल तर अनेकदा एका बैठकीत भागते. पू वाहत असेल तर आत औषध ठेवून पुन्हा बोलावतात. उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना दुखरेपणा राहतो. तो वाढत गेला किंवा सूज आली तर मात्र लगेच दाखवावे.

उपचारानंतर दातावर कॅप, म्हणजे टोपण, बसवणे ऐच्छिक आहे, असे समजून रुग्ण तिथेच थांबतात. दुखणे संपलेले असते, खर्च झालेला असतो. पण किडीने पोखरलेली दाढ चावण्याच्या जोराने चिरते, आणि उभी चिरली की काढण्यावाचून इलाज उरत नाही. पुढच्या दाताची झीज कमी असेल तर कधी कधी कॅपशिवाय चालते. दाढेच्या बाबतीत ही टाळाटाळ महागात पडते.

समज आणि शंका

दात किड्यांमुळे सडतो ही समजूत जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी त्यासाठीच देत. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी 1728 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात किड्यांची कल्पना नाकारली. तोंडातले जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि त्याने दात विरघळतो, हे विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये मांडले.

वरच्या दाताला हात लावला की नजर जाते, ही भीती महाराष्ट्रात अजून घट्ट आहे. वरच्या दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क-चेतेतून जाते, दृष्टीची चेता दुसरी. दोघींचा मार्ग वेगळा. चाळिशीचा चष्मा लागण्याचे आणि दाढा गमावण्याचे वय मात्र साधारण एकच, त्यामुळे दोष दंतवैद्याच्या माथी बसतो. उलट उपचार न केलेल्या वरच्या सुळ्याची सूज डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढू शकते.

रूट कॅनाल केलेल्या दातामुळे हृदयविकार किंवा कर्करोग होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांचे मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका सिद्धान्तात आहे. त्यापायी तेव्हा असंख्य चांगले दात उपटले गेले. पुढच्या काळात तो टिकला नाही.

एका दाताच्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याहून सहसा कमी असतो. गर्भवतीलाही गरज असेल तर काळजी घेऊन तो काढता येतो. उपचारासाठी मधले तीन महिने जास्त सोयीचे. मधुमेह असेल तर साखर किती आहे ते सांगावे, आणि जेवून, नेहमीचे औषध घेऊन जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वत:च्या मनाने बंद करू नयेत. गुटखा-सुपारीने तोंड दोन बोटेही उघडत नसेल, तर मागच्या दाढेपर्यंत अवजारच पोचत नाही.

‘दुधाचा दात पडणारच आहे, कशाला खर्च?’ हा पालकांचा प्रश्न. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. म्हणून त्यांच्यातही, विरघळणारे औषध भरून, असाच उपचार करतात. नंतर भूल उतरेपर्यंत मूल ओठ चावत नाही ना, हे बघावे लागते.

कुठे आणि कधी नाही

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेले दंतवैद्य हा उपचार करतात. गुंतागुंतीच्या नलिकांसाठी एमडीएस (पदव्युत्तर पदवी) झालेल्या एंडोडोन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या आणि रांगा जास्त. पण प्रत्येक टप्पा तपासला जातो, हा त्यातला फायदा.

उपचार फसल्यास जुना गटापर्चा काढून तो पुन्हा करता येतो, किंवा हिरडी उघडून मुळाचे टोक कापता येते. मूळ उभे चिरले असेल, हिरडीच्या विकाराने हाड झिजून दात हलत असेल, किंवा कॅप धरायला दातच उरला नसेल, तर रूट कॅनालचा आग्रह धरू नये. दात काढून पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात रोवलेल्या खुंटीवरचा कृत्रिम दात) यांचा विचार करावा.