पक्षी बघायचेत? मग आधी पंचांग बघा

नवी मुंबईत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, काहीच नव्हतं हो, नुसता चिखल आणि लांबवर गुलाबी ठिपके. आणि नेमकं त्याच जागेवरून दुसऱ्याच दिवशी कोणीतरी असे फोटो टाकतं की पक्ष्याचा डोळासुद्धा दिसतो. दोघंही खरंच बोलत असतात. मधे फक्त भरती-ओहोटीचा फरक असतो, आणि माझ्या मते हौशी पक्षीनिरीक्षणातली अर्धी मजा इथेच आहे, कुठे जायचं हे सगळे सांगतात पण कधी जायचं हे कळायला लागलं की मग हा छंद खरा चढतो.

ठाणे खाडीत ओहोटीला मैलोनमैल चिखल उघडा पडतो. पक्ष्यांसाठी ते वाढलेलं ताट, त्यामुळे ते पाण्याच्या कडेकडेने पार आत निघून जातात आणि आपण किनाऱ्यावर डोळे ताणत बसतो. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत आपल्याकडे आणतं. पाणी फारच चढलं तर चिखल बुडतो आणि मग हे सगळे उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर, डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे जाऊन विश्रांती घेतात. म्हणजे पूर्ण भरतीला तलाव, आणि भरतीच्या आधीचे-नंतरचे दोनेक तास खाडीकिनारा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते तीसुद्धा भरतीच्या हिशोबानेच, आपल्या सुट्टीच्या हिशोबाने नाही.

आता ही वेळ काढायची कशी? मोबाईलवर सगळं मिळतं, पण आपल्या किनाऱ्यावर त्याहून जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येतील तितके वाजता भरती. एकादशी असेल तर अकरा गुणिले पाऊण, म्हणजे साधारण सव्वाआठ. संकष्टीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी. चंद्र रोज उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, एवढंच त्यामागचं गणित आहे. हा हिशोब ढोबळ आहे आणि खाडी जसजशी आत ठाण्याकडे जाते तसं पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढी सवलत धरायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं आणि चिखलाचा काही भाग उघडाच राहतो. मला विचाराल तर हिवाळ्यातली एकादशी, सकाळचं ऊन पाठीवर आणि पाणी चढतंय, याला तोड नाही. उपास असेल तर डबाही नको.

फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, इथे दोन प्रकारचे दिसतात. मोठा जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा जास्त गुलाबी, चोच गडद, लांबून काळीच वाटते. दोघं एकाच चिखलात उभे असतात पण जेवण वेगळं. छोटा मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा बारीक कोळंबीसारखे जीव, किडे, अळ्या. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची, जीभ पंपासारखी मागेपुढे करून पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांमध्ये खाणं अडकवायचं. गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो, कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे. पिल्लू राखाडी असतं आणि गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे थव्यात मळकट करडे पक्षी दिसले तर ते आजारी नसतात हो, वयाने लहान असतात. आणि ते एका पायावर उभं राहणं, त्याबद्दल 2017 मध्ये एक भन्नाट अभ्यास आला, मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीरसुद्धा एका पायावर तोल धरून उभं करता येतं आणि दोन पायांवर मात्र ते तसं राहत नाही. म्हणजे एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंची जवळजवळ मेहनतच पडत नाही, सांधाच तसा अडकतो.

खाडीचा हा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण कागदावरची हद्द पक्ष्याला माहीत नसते. तलावात भरतीचं पाणी यायची वाट बुजली की तलाव सुकतो, पाणी सडतं, आणि मग भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचं कुठे? हा प्रश्न मला खाडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो कारण खाडी वाचवली आणि तलाव गेले तर रोज दोनदा हे पक्षी बेघर होणार.

फ्लेमिंगोच्या नादात लोक त्यांच्या पायाशी फिरणारे छोटे पक्षी बघतच नाहीत, आणि विज्ञान म्हणाल तर खरी गंमत तिथेच आहे. चिखल्याची चोच आखूड, तो डोळ्यांनी बघून शिकार करतो, चार पावलं धावतो, थांबतो, टिपतो. तुतवाराची चोच त्याहून लांब, पाणटिवळ्याची तर सरळ, लांबलचक, ती चिखलात मुळापर्यंत जाते. ज्याची चोच जितकी खोल पोचते त्या थरातलं खाणं त्याचं, म्हणून एकाच हातभर चिखलावर इतके जण भांडणाशिवाय जेवतात. आणि खोल चिखलात दिसत तर काहीच नाही, मग? तुतवार-पाणटिवळ्यांच्या चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खड्डे असतात आणि त्यात स्पर्श ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ, त्यामुळे आतली हालचाल आणि दाब चोचीलाच कळतो. वर आणखी कमाल म्हणजे बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येतं. पाणटिवळ्याच्याच भाईबंदांपैकी एका जातीचं एक पिल्लू 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर न थांबता उडत गेलं, 11 दिवस. हे माहीत झाल्यावर चिखलात चोच खुपसणाऱ्या त्या मळक्या पक्ष्याकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो.

कुरवांचं, म्हणजे सीगलचं, मात्र थोडक्यात सांगते, त्यांना शेव-गाठी घालू नका. ते उपाशी नाहीत. त्यापेक्षा मार्चच्या सुमारास त्यांची डोकी हळूहळू तपकिरी होताना बघा, लडाखकडे परत जायची तयारी असते ती.

आता घरचं. टॉवरमध्ये राहतो, आमच्याकडे कावळे-कबुतरांशिवाय काही नाही असं म्हणणाऱ्यांनी सूर्योदयाच्या आसपासचा एक तास बाल्कनीत चहा घ्यावा. पहाटे हवा शांत असते, ट्रॅफिक कमी, आवाज लांब पोचतो, आणि उजेड नीट नसल्याने खाणं शोधता येत नाही, मग तो वेळ गाण्यात जातो. आधी दयाळ सुरू होतो, सगळ्यात सुरेल तोच. मग बुलबुल. फेब्रुवारी-मार्चपासून टुक टुक टुक असा तासन् तास चालणारा आवाज येतो तो तांबट, चिमणीएवढा हिरवा पक्षी, गंमत म्हणजे ओरडताना चोच बंदच असते, गळा फुगतो. वड-पिंपळ-उंबर जवळ असेल तर तो असणारच. उन्हाळ्यात कुहू कुहू ऐकून लोक कोकिळा गातेय म्हणतात पण गाणारा नर असतो, काळा कुळकुळीत. ठिपकेवाली मादी किक-किक करत फिरते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायची संधी शोधते.

कुंडीतल्या मोठ्या पानांच्या झाडात पानं एकमेकांना टाचलेली दिसली तर पाणी जपून घाला, शिंप्याचं घरटं असू शकतं. दहा ग्रॅमच्या आतबाहेरचा जीव, चोचीने पानाला भोकं पाडून त्यातून कोळ्याचं जाळं आणि कापसाचे धागे ओवतो. बाल्कनीत एखादी लटकती वायर असेल तर तिथे शिंजीर, म्हणजे सनबर्ड, येतो, पिशवीसारखं घरटं बांधते ती मादी. अशा वेळी फोटोसाठी फांद्या बाजूला करू नयेत, घरटं उघडं पडलं की कावळा टपलेलाच असतो. उन्हाळ्यात पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रोज धुवून. धान्य मात्र टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे, धान्याला कबुतरंच येतात आणि त्यांच्या विष्ठेच्या-पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते.

दुर्बीण घ्यायचीच तर 8 बाय 42. 8 म्हणजे आठपट मोठं दिसतं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि हात फार हलत नाही, दहापटवाल्यात चित्र नाचतं. आवाज ओळखायला मर्लिन अॅप आहे, आणि दिसलेलं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर ते खरंच कामी येतं. 2023 चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 30,000 हून जास्त निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे, त्यात बहुतेक आपल्यासारखेच हौशी. दुर्मिळ पक्ष्याच्या एका फोटोपेक्षा रोज खिडकीतून मोजलेल्या चिमण्या त्या अभ्यासाला जास्त उपयोगी.

मे संपता संपता खाडी ओस पडते, फ्लेमिंगोंचे बहुतेक थवे गुजरातकडे जातात. तेव्हा छंद बंद करायचं कारण नाही. जूनच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यांभोवती घुटमळतो, त्यात आपली अंडी घालायला. आणि सुगरणींचा हंगाम सुरू होतो. 1930 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीहून शिकून आले तेव्हा त्यांची मुंबईची नोकरी उरली नव्हती, मग ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे घराजवळच्या सुगरणींकडे महिनोन् महिने बघत बसले. त्यातून कळलं की नर एक घरटं अर्धं विणून थांबतो, मादी येऊन आत शिरून तपासते, पसंत पडलं तरच तो ते पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा जवळच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. उरण-पनवेलकडे शेताच्या बांधावर, पाण्याकडे झुकलेल्या शिंदीच्या झाडावर अजूनही हे सगळं चालू असतं. तिथे अर्धवट, उलट्या टोपीसारखी लटकलेली घरटी दिसली तर ती वाऱ्याने तुटलेली असतीलच असं नाही, त्यातली बरीच मादीने येऊन बघून नापसंत केलेली असतात.