आईचे पट्टे मुलाला

खुडूक बसलेल्या पट्टेरी कोंबडीच्या पंखाखालून एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू आली. पिल्लं वाळून फुगल्यावर एकेक हातात घेऊन पाहिलं. बाप तांबडा, तरी झाडून सगळी काळी. फक्त काहींच्या डोक्यावर खडूचं बोट टेकवल्यासारखा पांढरा ठिपका. ठिपकेवाले नर, बाकीच्या माद्या, असं मी तेव्हाच सांगून टाकलं. घरात कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बांग दिली ती ठिपकेवाल्यांनीच.

ही काही भविष्यवाणी नव्हती. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचं जनुक झेडवर असतं. त्यामुळे पट्टेरी आईचं एकुलतं झेड मुलग्यांकडे जातं आणि मुलींच्या वाट्याला बिनपट्ट्याचं डब्ल्यू येतं. डोक्यावरचा ठिपका ही पिल्लातली त्याच जनुकाची खूण. बाप मात्र पट्टेरी नको. दोघेही अस्सल पट्टेरी असले तर पिल्लंही सगळी पट्टेरी, मग हा हिशेब इतका लख्ख दिसत नाही. मिसळीच्या कोंबड्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

खुराड्यातला सगळा रंगीबेरंगी थाट मुळात दोनच रंगद्रव्यांवर चालतो: काळं युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन. कुठे किती पडलं, कुठे थांबलं, यावर बाकी सगळं. पीस वाढत असताना रंगाचा पुरवठा मध्येच तुटतो, पुन्हा सुरू होतो, की झाले पट्टे. कोंबड्याच्या शेपटीवरच्या हिरव्या झळाळीला तर रंगद्रव्यच नाही. पिसातल्या मेलॅनिनच्या कणांचे थर प्रकाश असा परतवतात की डोळ्याला हिरवं दिसतं. गळून पडलेलं पीस उजेडासमोर आडवं धरून आरपार पाहा, हिरवा गायब, उरतो नुसता काळपट तपकिरी.

‘निळी’ कोंबडीही खरं तर फिकी पडलेली काळी. फिकेपणाच्या जनुकाची एक प्रत मिळाली तर पिसं राखी-निळी, दोन मिळाल्या तर मळकट पांढऱ्यावर शिंतोडे. म्हणून निळ्याला निळी जोडली तरी सरासरीने निम्मीच पिल्लं निळी निघतात. पाव काळी, पाव शिंतोड्यांची. सगळा कळप निळा करायचा हट्ट धरणाऱ्याला हे जनुक दर पिढीत चकवतं. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं, तेही कोंबड्यांवरच. त्यांनी पाहिलं त्यात तुरेही होते.

मला स्वतःला पिसांपेक्षा अंड्यांची गंमत जास्त वाटते. तपकिरी अंड्याचं कवच मुळात पांढरंच असतं. रंग शेवटी शेवटी वरून चढतो. निळं अंडं मात्र आरपार निळं, कारण तिथे बिलिव्हर्डिन नावाचं निळसर-हिरवं रंगद्रव्य कवचातच मुरतं. एका विषाणूचा तुकडा फार पूर्वी कोंबडीच्या जनुकांत शिरून बसला, त्याची ही करणी. निळ्या कवचावर तपकिरी थर बसला की अंडं शेवाळी हिरवं दिसतं. फोडल्यावर आतला पापुद्रा सोलून पाहा, आत निळाई सापडेल. कोंबडा अंडी घालत नाही, पण हे जनुक लेकींना तोही देऊ शकतो. त्याच्याकडे बघून मात्र ते ओळखता येत नाही.

आमचा तांबडा अशाच एका हिरवट अंड्यातून निघालेला. पट्टेरीची अंडी तपकिरी. त्या दोघांची एक काळी तलंग आता मोठी झालीय, तुरा लालबुंद झालाय, आणि दोन दिवस ती खुराड्याच्या कोपऱ्यात पेंढा उकरून बसून पाहतेय. तपकिरी की शेवाळी, अजून कळलेलं नाही.