देव बसले, म्हणून मावले

ग्रीक देवळाच्या दर्शनी खांबांवर, छताच्या दोन उतारांमुळे एक लांबट, बसका त्रिकोण तयार होतो. पेडिमेंट म्हणतात त्याला. मध्ये ऐसपैस जागा, टोकांना चिंचोळी सांदी. यात देव बसवायचे कसे, हे कोडं सोडवायला ग्रीक शिल्पकारांना दीडएकशे वर्षं लागली.

कॉर्फू बेटावरचं आर्टेमिसचं देऊळ इ.स.पू. 580च्या सुमाराचं. तिथे मधोमध जीभ बाहेर काढलेली, जवळपास तीन मीटर उंच मेड्युसा ही राक्षसी आणि दोन्हीकडे चित्ते. देवांचा राजा झ्यूस मात्र वज्र उगारून पार कोपऱ्याकडे, त्या चित्त्यांपुढे अगदीच चिमुकला! पुढे ऑलिंपियाच्या देवळात (इ.स.पू. 457च्या सुमारास पूर्ण) तो हक्काच्या जागी, मधोमध आणि सगळ्यांत उंच उभा राहिला. कोपऱ्यांतल्या आकृती आडव्या केल्या.

खरी करामत अथेन्सच्या पार्थेनॉनवर, म्हणजे अथीना देवीच्या देवळावर दिसते. काम इ.स.पू. 447 ते 432, शिल्पांवर देखरेख फिडियसची. पूर्वेच्या पेडिमेंटमध्ये विषय अथीनाच्या जन्माचा. डाव्या सांदीत सूर्याचे घोडे समुद्रातून नुसती मुंडकी वर काढतात. उजवीकडे चंद्रदेवता सेलीनीचा घोडा दमून मावळतोय. डोळे बटबटीत, नाकपुड्या फुललेल्या, खालचा जबडा कडेवरून बाहेर आलेला. अडचणीच्या जागेचंच क्षितिज केलं.

आतल्या भिंतीवरची, मिरवणुकीचा देखावा असलेली शिल्पपट्टी सुमारे 160 मीटर लांब, पण उंची जेमतेम एक मीटर. तिथे देवांना सरळ बसवलंय. बसलेल्या देवांची डोकी उभ्या माणसांच्या डोक्यांच्या रेषेत. उठले तर चौकटीबाहेर जातील. मोठेपणा दाखवायची ही युक्ती मला सिंहासनापेक्षा भारी वाटते. पाठ टेकायला आसन एकट्या झ्यूसला, बाकीच्यांना साधी स्टुलं. हर्मीसच्या मांडीवर टोपी, एरीस दोन्ही हातांनी गुडघा धरून, हेफेस्टसच्या काखेत कुबडी. मिरवणूक पोचेपर्यंत गप्पा चालल्यात.

हे सगळं तेव्हा रंगवलेलं होतं. आजचा पांढराशुभ्र संगमरवर ही काळाची करणी.

पुढे देवळाचं चर्च झालं आणि त्या फेरबदलात पूर्वेचा मधला भाग, म्हणजे खुद्द जन्माचा प्रसंगच गेला. 1674च्या रेखाटनांत तिथे पोकळीच दिसते. 1687मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेली तोफांची दारू पेटली. उरल्यातलं बरंच ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने उतरवून नेलं. सेलीनीचा घोडाही त्यातच गेला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे.